आठातले सहा

त्या इमारतीत तिला सगळे हेडबाई म्हणत, अर्थात पाठीमागे. तोंडावर नुसतं 'बाई'. शाळेशी तिचा संबंध बारावीलाच सुटला होता आणि हेड तर ती कशाचीच नव्हती. हुद्दा प्रयोगशाळा मदतनीस, हजेरीपटावर खालून तिसरी. पण बावीस वर्षं ती ज्या खुर्चीवर बसत होती, तिच्या पाठीला कोणी नुसता हात टेकला तरी ती चष्म्यावरून अशी बघायची, की भल्याभल्या डॉक्टरेटवाल्यांना गृहपाठ राहिल्याची आठवण व्हावी. खुर्ची म्हणावी तर साधीच. एक चाक अडकायचं आणि बसायच्या जागेची रेक्झीन दोनदा बदलून झाली होती. दुसऱ्यांदा ती बाईच्या नवऱ्याने शिवून दिली होती.

त्या खुर्चीवर बसून बाई काय करायची, हे सांगितल्याशिवाय पुढचं काही कळायचं नाही. एका उंदरीच्या पोटातून चार दिवसांचे गर्भ काढायचे आणि दुसरीच्या पोटात नेऊन ठेवायचे, एवढंच. हे गर्भ मिठाच्या कणापेक्षाही लहान. कागदोपत्री त्यांना भ्रूण म्हणत, बाई दाणे म्हणायची. काचेची नळी बर्नरवर तापवून, ओढून केसासारखी बारीक करायची. तिच्यात आठ दाणे, पुढे एक हवेचा बुडबुडा, मागे एक. नळीला रबरी नळी जोडून तिचं टोक तोंडात धरायचं. गुंगीत झोपलेल्या उंदरीच्या पाठीला छोटीशी चीर द्यायची, गर्भाशय अलगद वर उचलायचं, त्याला सुईने छिद्र पाडायचं आणि ते छिद्र डोळ्यांसमोरून हरवायच्या आत नळी आत घालायची. मग फुंकर. फुंकर तरी कसली, फुंकर घालायचा नुसता विचार करायचा. बुडबुडा आत सरकलेला दिसला की दाणे पोचले.

ही दुसरी उंदरी म्हणजे दाई. तिला रविवारी रात्री नसबंदी केलेल्या नराकडे ठेवत. पोटात काही राहत नसे, पण तिच्या शरीराला वाटायचं की राहिलं, आणि ते बिचारं तयारीला लागायचं. सोमवारी सकाळी तिला वेगळ्या पिंजऱ्यात हलवत, बुधवारी बाई दाणे ठेवायची, शनिवारी निकाल. निकाल बघायचा तर तिच्या शेपटीच्या शिरेतून निळा रंग सोडावा लागे. गर्भ जिथे रुजतो तिथे तो रंग झिरपतो आणि गर्भाशयावर निळा पट्टा उमटतो. एक पट्टा म्हणजे रुजलेला एक दाणा. पण तो पट्टा मोजायला उंदरीला मारावं लागतं. हे बाईने कधी लपवलं नाही आणि त्याची सवयही होऊ दिली नाही. शनिवारी ती कोणाशी फारसं बोलत नसे.

तिच्या हातचे आठातले सहा रुजायचे. एखाद्या दिवशी पाच, एखाद्या दिवशी सात, पण वर्षाच्या शेवटी बेरीज केली की सहा. बाहेरचे पाहुणे आले की प्रयोगशाळेच्या प्रमुख, म्हणजे मॅडम, त्यांना आधी नवं यंत्र दाखवत आणि मग बाई. मॅडमचं आयुष्यच एका प्रश्नामागे चाललं होतं: गर्भ चांगला, गर्भाशयही चांगलं, तरी तो रुजत का नाही? ज्या बायकांचे गर्भ पुन्हा पुन्हा असे निसटतात त्यांच्यासाठी याचं उत्तर हवं होतं. ते शोधायचं तर रुजवणारा हात भरवशाचा पाहिजे. हात चुकला तर दोष गर्भाचा, गर्भाशयाचा की हाताचा, हे देवालाही सांगता यायचं नाही.

आणि एका शनिवारी आठ दाया उघडल्या, तर एकीच्याही पोटात पट्टा नव्हता.

असा एखादा वाईट आठवडा यायचाच. दाणे ज्या औषधात ठेवत, त्याची बाटली बाईने बदलली. पुढच्या शनिवारी आठ जणींत मिळून दोन पट्टे. त्याच्या पुढच्या शनिवारी एक. असे सहा आठवडे गेले आणि इमारतीत कुजबूज सुरू झाली. आधी औषधावर, मग दिव्यावर, आणि मग बाईच्या वयावर येऊन ती स्थिरावली. बाईने बर्नरची जाळी बदलायला सांगितली तेव्हा शेजारच्या टेबलावरचा एक शहाणा हळूच म्हणाला, "नाचता येईना अंगण वाकडं." बाईच्या कानांना काहीच झालेलं नव्हतं. तिने ते नीट ऐकलं.

मॅडमनी तिला खोलीत बोलावलं. मॅडम चार वर्षांनी लहान आणि स्वभावाने सरळ. वाईट बातमी त्या वळसा न घेता सांगत.

"बाई, तुमचं वय किती?"

"चोपन्न. तुमच्याकडे कागदावर आहे ते."

"हात थरथरतो का?"

"नाही."

"बरं. मी महिना-दीड महिना थांबते. निम्मे रुजले तरी मला चालेल, बहुतेक ठिकाणी तेवढेच रुजतात. नाही जमलं तर खुर्चीवर धाकटीला बसवेन. तुम्ही नोंदींचं काम बघा. पगारात फरक पडणार नाही."

धाकटी म्हणजे तिथली सगळ्यात लहान संशोधक, गुणी मुलगी. बाईचा तिच्यावर राग नव्हता. राग त्या शेवटच्या वाक्यावर होता. पगारात फरक पडणार नाही म्हणे. जसं काही बाई बावीस वर्षं पगारासाठी श्वास रोखून बसली होती. "दोष शोधून काढते," एवढंच ती म्हणाली आणि बाहेर आली.

घरी नवरा मशीनवर बसला होता. तो शिंपी. पुढची खोली दुकान, मागच्या दोन खोल्या संसार. बाईने पर्स ठेवली, त्याच्या पिनकुशनमधल्या सगळ्यात बारीक दहा सुया काढल्या आणि दिव्याखाली बसून एकेक ओवायला लागली.

"अगं, माझी नोकरी घेतेस की काय?" नवरा म्हणाला.

"वेळ लावा."

त्याने घड्याळ पाहिलं. दहा सुया, दीड मिनिट, एकही चूक नाही. नवऱ्याने त्या परत पिनकुशनला टोचल्या. "मला दोन मिनिटं लागतात," तो म्हणाला. "तुझ्या मॅडमना सांग, तुझा हात ठीक आहे. शिंपी सांगतो म्हणावं."

बाईला तेवढं पुरे होतं. हात ठीक, म्हणजे दोष बाहेर. दुसऱ्या दिवसापासून ती डोळ्यांत तेल घालून मागे लागली. औषध नवं आणि जुनं, दोन्हीत दाणे ठेवून बघितले, दोन्हीत छान वाढले. उबवणीच्या पेटीत तीन थर्मामीटर ठेवले. गुंगीचं औषध तपासलं, पाणी तपासलं, दिवे बरोबर सातला लागतात नि सातला विझतात का तेही पाहिलं. सगळं जागच्या जागी. तेव्हा तिने शेवटचा डाव टाकला. पुढच्या आठवड्यात सोमवारी तिने फक्त चार दाया घेतल्या आणि त्यांचे पिंजरे नेहमीच्या खोलीत न ठेवता आपल्या टेबलाशेजारच्या अडगळीच्या खोलीत नेले. चावी गळ्यात. पाणी ती घालणार, खाणंही तीच बघणार. बुधवारी तिने त्या चौघींना दाणे ठेवले.

शनिवारी पट्टे मोजले: सहा, पाच, सहा, सहा.

बाई तिथेच स्टुलावर बसली. दीड महिन्यात पहिल्यांदा तिला रडू आलं आणि तिने ते येऊ दिलं, कारण शनिवारी दुपारनंतर तिथे कोणी नसायचं. मग नाक पुसलं आणि सरळ विचार केला. दाया तशाच, दाणे तसेच, हात तोच. बदलली ती खोली. म्हणजे त्या खोलीत काहीतरी होतं.

सोमवारी जेवणानंतर ती दायांच्या खोलीत बादली उपडी घालून बसली आणि वाट बघत राहिली. अडीचला मामा आले.

मामा दोन महिन्यांपूर्वी कामाला लागले होते. पिंजरे धुणं, पाणी, खाणं हे त्यांचं काम. आधी एका हॉस्पिटलात पंचवीस वर्षं वॉर्डबॉय, छप्पन्नाव्या वर्षापर्यंत बॉयच राहिलेले. माणूस इतका मऊ की उंदरांशीही अहो-जाहो करायचे बाकी होते. सहा महिने बघून मग कायम करू, अशी त्यांची नेमणूक होती. मामांनी पाण्याच्या बाटल्या बदलल्या, आणि मग खांद्यावरच्या पिशवीतून मूठ मूठ भुसा काढून प्रत्येक दाईच्या पिंजऱ्यात घातला. वापरलेला, ओलसर भुसा.

"मामा, हे काय?" बाई म्हणाली.

मामा दचकले. "अहो बाई, तुम्हीच नाही का लिहिलंय?" त्यांनी भिंतीकडे बोट केलं. भिंतीवर बाईच्याच वळणदार अक्षरातली पाटी होती: पिंजरा बदलताना जुन्या भुशाची एक मूठ नव्या पिंजऱ्यात घालावी, म्हणजे उंदरांना परकं वाटत नाही.

"ते पिंजरा बदलताना. तुम्ही रोज घालताय?"

"या बायका बिचाऱ्या रविवारी एकाच्या घरी, सोमवारी उचलून इकडे, एकट्या. वर बुधवारी पाठीला चीर. मी म्हटलं, मालकाचा वास असला म्हणजे जरा निवांत झोपतील. म्हणून नरांच्या खोलीतून आणतो, रोज थोडा." मामांनी हाताला लागलेला भुसा झटकला. "माझी बायको जाऊन नऊ वर्षं झाली. तिची शाल मी अजून उशाला घेतो. धुतली नाही."

बाई उठून उभी राहिली. "कोणत्या नराच्या पिंजऱ्यातून आणता?"

"दाराजवळच्या. हाताशी आहेत ते."

"दाराजवळचे काळे, मामा. यांचे मालक पांढरे, खिडकीकडचे."

मामांनी पिशवीत पाहिलं, मग पिंजऱ्यांकडे पाहिलं. "म्हणजे मी रोज भलत्याच माणसाची चादर आणून टाकत होतो," ते हळू आवाजात म्हणाले.

नुकत्याच नराकडून आलेल्या उंदरीला दुसऱ्या, परक्या नराचा वास लागला, की तिचं शरीर तयारी सोडून देतं आणि गर्भ रुजू देत नाही. हे तिथे पहिल्याच आठवड्यात शिकवतात. नरांची खोली म्हणूनच वेगळी, तिथली हवा खेचणारा पंखाही वेगळा. मामांनाही बजावलं होतं, की दायांना परका नर दाखवायचा नाही. मामांनी एकही नर दाखवला नव्हता. त्यांनी फक्त माया केली होती, आणि ती चुकीच्या पिंजऱ्यातून आणली होती.

आता बाईची सुटका सोपी होती. मॅडमकडे जायचं, मामांचं नाव सांगायचं आणि खुर्चीवर येऊन बसायचं. मामांची नोकरी कच्चीच होती, ते संध्याकाळपर्यंत घरी गेले असते. बाईने भिंतीवरची पाटी काढली, बगलेत धरली आणि मॅडमच्या खोलीत जाऊन टेबलावर ठेवली.

"चूक ही आहे," ती म्हणाली. "'त्याच पिंजऱ्यातला भुसा' असं लिहायला हवं होतं. दोन शब्द मी गाळले. मामांनी पाटीवर जे होतं त्यातून अर्थ काढला." मग सगळं सांगितलं.

मॅडमनी चष्मा काढला, डोळे चोळले आणि हसू आवरायचा प्रयत्न केला. तो जमला नाही. "पंचवीस वर्षं मी गर्भ का रुजत नाही ते शोधतेय," त्या म्हणाल्या, "आणि दीड महिना उत्तर माझ्याच इमारतीत पिशवीतून हिंडत होतं. बरं, मामांना समजावून सांगा. हाताचा विषय संपला."

इथे शहाण्या माणसाने आभार मानून निघून जायचं असतं. बाई गेली नाही.

"संपला कसा? चार दायांवरून तुम्ही कोणाचाही निष्कर्ष मान्य केला नसता. नीट तपासून बघू. उपकाराची खुर्ची मला नको."

याला हात दाखवून अवलक्षण म्हणतात, आणि बाईला ही म्हण माहीत होती. पण बावीस वर्षं ज्या बाईने दुसऱ्यांचे प्रयोग मोजले, तिला स्वतःचं माप कोणी अंदाजाने घेतलेलं खपलं नसतं. मॅडमनाही सहा आठवड्यांच्या नासलेल्या कामाचं उत्तर कागदावर द्यायचंच होतं. आणखी चोवीस जीव लागणार म्हणून प्राण्यांवरच्या प्रयोगांना मंजुरी देणाऱ्या समितीची परवानगी काढली, तीत दोन आठवडे गेले.

बेत असा ठरला. चोवीस दाया, तीन बुधवार, दर बुधवारी आठ. चोवीसांपैकी आठ जणींना वासाचा भुसा नाहीच, आठ जणींना त्या ज्याच्याकडे राहिल्या त्याच नराचा भुसा, आणि उरलेल्या आठ जणींना परक्या काळ्याचा. भुसा मामाच घालणार, धाकटीच्या चिठ्ठीप्रमाणे. कोणती दाई कोणत्या गटातली हे बाईला कळू द्यायचं नाही. यादी धाकटीच्या कपाटात, कुलपात. मामा तीन आठवडे बाईला बघितलं की तोंड मिटून भिंतीकडे वळायचे. जिन्यात भेटले तरी. न जाणो, डोळ्यांतून चिठ्ठी वाचली गेली तर.

बाईने तीन बुधवार मान मोडून काम केलं. चोवीस वेळा चीर, चोवीस वेळा फुंकर. प्रत्येक दाईचा क्रमांक, वेळ आणि शनिवारचे पट्टे तिने आपल्या वहीत लिहिले, जसे ती कायम लिहायची.

तिसऱ्या शनिवारनंतरच्या सोमवारी सगळे बैठकीच्या खोलीत जमले. मामा दाराशी उभे होते, त्यांना आत बसवायला धाकटीला हात धरून ओढावं लागलं. तिने यादी उघडली आणि आकडे वाचले. परक्या नराचा भुसा: चौसष्टातले तीन. भुसा नाही: चौसष्टातले बत्तीस. आपल्याच नराचा: चौसष्टातले चौतीस.

"म्हणजे मालकाच्या वासाने काही बिघडत नाही," मॅडम मामांकडे बघून म्हणाल्या. "तुमचा अंदाज अर्धा बरोबर होता."

सगळे हसले, टाळ्या झाल्या. अंगण वाकडं म्हणणाऱ्या शहाण्यानेही वाजवल्या, आणि जरा जास्तच जोरात. मॅडम बाईला म्हणाल्या, "मी निम्मे मागितले होते, तुम्ही वर दोन दिलेत. निवृत्तीपर्यंत खुर्ची तुमची. आता मात्र विषय संपला ना?"

बाई हसली खरी. पण बत्तीस आणि चौतीस हे आकडे तिच्या डोक्यात रुतून बसले होते. निम्मे म्हणजे आठातले चार. ज्यांना परका वास लागलाच नव्हता, त्या सोळा जणींत आठातले चार. अडगळीच्या खोलीतल्या चौघींत तर सहा होते. मग हे चार कोणाचे?

ती आपल्या जागेवर आली, वही उघडली आणि एक कोरा कागद घेतला. धाकटीने आकडे भुशाप्रमाणे मांडले होते, ते बरोबरच होतं. बाईने त्याच सोळा दाया त्या दिवशीच्या क्रमाप्रमाणे मांडल्या: सकाळच्या पहिल्या चौघी एका बाजूला, नंतरच्या दुसऱ्या बाजूला. पहिल्या बाजूला आठ जणी आल्या, त्यांच्यात अठ्ठेचाळीस पट्टे. आठातले सहा, तिचा नेहमीचा हात. दुसऱ्या बाजूलाही आठ जणी. त्यांच्यात अठरा. बाईने पुन्हा बेरीज केली. अठराच.

सुया ओवायला दीड मिनिट लागतं. बुधवारचं काम सकाळी नऊपासून दुपारी तीनपर्यंत चालतं, हा हिशेब ना तिने केला होता ना नवऱ्याने. आणि खरं तर तिला माहीत होतं. पाचव्या दाईला हल्ली छिद्र चटकन सापडत नसे. नळीचं टोक एकदा कडेला लागायचं, मग पुन्हा टोचावं लागायचं. ते तिने दिव्याच्या माथी मारलं होतं. कधीपासून, हे तिला आठवेना. जुन्या वह्यांत ते सापडेल हे मात्र तिला ठाऊक होतं, आणि त्या क्षणी वह्या उघडायची तिला भीती वाटली.

झाकली मूठ सव्वा लाखाची. झाकायला बाईला काही करावंही लागणार नव्हतं. कागद फाडायचा, वही मिटायची. मॅडमनी शब्द दिला होता, टाळ्या वाजल्या होत्या, निवृत्तीला सहा वर्षं होती. असं मांडून बघणारं त्या इमारतीत दुसरं कोणी नव्हतं.

संध्याकाळी तिने तो कागद नवऱ्यापुढे ठेवला. त्याला पट्ट्यांतलं काही कळत नसे, पण अठ्ठेचाळीस आणि अठरा कळले.

"दुपारी चारनंतर मी काजं करत नाही," तो म्हणाला. "नुसत्या टिपा मारतो, उसवतो, इस्त्री करतो. सहा वर्षं झाली."

"मला कधी बोलला नाहीत."

"तू कुठं विचारलंस? आणि सांगण्यासारखं काय त्यात. गिऱ्हाइकाला काज नीट मिळाल्याशी मतलब."

बाईला त्याचा राग आला, मग आपलाच आला, मग दोन्ही राग ओसरले. "तुम्हाला शर्ट उसवता येतो," ती म्हणाली. "माझं तसं नाही. धाकटी उद्या एखादा जनुक काढून बघेल आणि म्हणेल, याच्यावाचून गर्भ रुजत नाही. आणि ती उंदरी माझी सहावी असली तर? माझ्या दुपारच्या हाताचं पाप त्या जनुकाच्या माथी. ते वाचून कुठला तरी डॉक्टर कुठल्या तरी बाईला औषध देईल."

"मग ठरलंय तुझं," नवरा म्हणाला. "मला कशाला दाखवतेस?"

"मोठ्याने बोलून बघितलं."

सकाळी मॅडम यायच्या आत ती त्यांच्या दारात उभी होती. कागद दिला. मॅडमनी तो उभ्याउभ्याच वाचला, मग बसून पुन्हा वाचला.

"हे माझ्याही लक्षात आलं नसतं," त्या म्हणाल्या.

"म्हणून तर आणलं. अहवालात हेही घाला. पहिल्या चार आणि नंतरच्या, वेगवेगळे. गेल्या तीन वर्षांच्या वह्याही मी काढते. कोणाच्या प्रयोगात माझ्या दुपारच्या दाया गेल्यात, ते एकेकाला जाऊन मीच सांगेन."

"त्याने तुम्हाला बरं वाटणार नाही, बाई. लोक बोलतील."

"बोलू देत. एक मागते. खुर्चीवरून मला पूर्ण उठवू नका. पहिल्या चार माझ्या. त्या मी करेन, जोवर आठातले सहा येतात तोवर. ज्या महिन्यात येणार नाहीत त्या महिन्यात मीच सांगेन. पाचवीपासून धाकटीला बसवा, आणि तिला शिकवणार मी."

मॅडमनी कागदाला टाचणी लावली आणि तो अहवालाच्या फाईलमध्ये घातला.

वह्या काढायला बाईला नऊ दिवस लागले. दुपारचा हात दोन वर्षं आणि चार महिन्यांपूर्वी घसरायला लागला होता. आधी आठातले पाच, मग चार, आणि आता जेमतेम दोन. सकाळच्या सातांनी आणि सहांनी तो वर्षाच्या बेरजेत झाकला गेला होता. ती पाच जणांच्या टेबलांवर गेली आणि प्रत्येकाला त्याच्या दायांचे क्रमांक दिले. चौघांनी मान डोलावली. शहाण्याने डोकं धरलं, कारण त्याचा आठ महिन्यांचा प्रयोग पुन्हा करावा लागणार होता. बाई त्याच्यासमोर उभी राहिली आणि त्याने जे जे ऐकवलं ते सगळं तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुमच्या दाया मी सकाळी पहिल्या घेईन." भिंतीवर नवी पाटीही लागली, दोन शब्द जास्तीची. ती मामांनी स्वतः लेव्हल लावून ठोकली. सहा महिने व्हायच्या आतच ते कायम झाले होते.

पुढच्या बुधवारी बाईने चार दाया केल्या. साडेअकरा वाजले होते. पाचवी गुंगीत झोपली होती, हात अजून ताजा वाटत होता, आणि आजचा दिवस करून टाकावी ही एक, असं बाईच्या अगदी मनात आलं. ती उठली. बावीस वर्षांत पहिल्यांदा तिने ती खुर्ची दुसऱ्यासाठी मागे ओढली. अडकणारं चाक पायाने सरळ केलं.

धाकटी बसली. तिने नळी उचलली.

"मनगट टेबलाला टेकव. पूर्ण टेकव. हात उचलून काम करणारे लवकर थकतात, मी थकले. नळी तोंडात धर, फुंकू नकोस. छिद्र दिसतंय?"

"दिसत होतं. गेलं."

"परत शोधू नकोस, तिथेच थांब. पापणी हलवू नकोस. आलं ना? जा आत."

नळी आत गेली. बुडबुडा हलला, थांबला, पुन्हा हलला. धाकटी त्या एका दाईला पस्तीस मिनिटं घेऊन बसली होती. बाईला वीस लागत. मागे उभं राहून बाईने पस्तीस मिनिटं दोन्ही हात पाठीशी घट्ट धरून ठेवले होते, कारण ते सारखे पुढे जायला बघत होते. इतकं अवघड काम तिने त्या खुर्चीवर बसूनही कधी केलं नव्हतं.

शनिवारी पट्टे मोजले. बाईच्या चौघींत सहा, सहा, सात, पाच. धाकटीच्या दाईत एक. निळा, स्पष्ट, पण एकच. धाकटीने चिमटा खाली ठेवला आणि ती खिडकीकडे तोंड करून उभी राहिली.

"आठातला एक," ती म्हणाली. "तुम्ही केली असती तर दोन-तीन तरी आले असते. दुपारच्या हातानेसुद्धा."

"आले असते," बाई म्हणाली. ते खरं होतं आणि खोटं बोलायची तिला सवय नव्हती. तिने वहीत धाकटीच्या नावाचं नवीन पान काढलं, क्रमांक घातला, वेळ घातली, पट्टे एक असं लिहिलं आणि वही तिच्यासमोर सरकवली. "माझ्या पहिल्या अकरा जणींत मिळून एकही नव्हता. त्या वह्या कपाटात आहेत, मी कोणाला दाखवल्या नाहीत. तू हव्या तर बघ. आणि बुधवारी साडेअकराला वेळेवर ये."